पाठीच्या स्नायूंचा सिग्नल आणि कोडमधला ‘ऑटो’: प्रोजेक्ट पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत दिवसभर वाकून माल उचलणारे कामगार, निफाड-येवल्याकडे कांद्याची लागण करणाऱ्या बाया, दिंडोरी-पिंपळगावला मांडवाखाली हात वर करून द्राक्षाचे मणी विरळणारे मजूर. पाठीवर येणारा ताण मोजायचा प्रोजेक्ट करायचा असेल, तर विषय आपल्या घराबाहेरच उभा आहे. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन आणि कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षातली बरीच मुलं ‘पाठीचा ईएमजी पट्टा’ करू म्हणतात. ईएमजी म्हणजे स्नायू आकुंचन पावताना तयार होणारी अगदी सूक्ष्म वीज त्वचेवरून मोजायची.

मी हे सगळं केलंय, आणि नंतर ज्युनिअर्सना मदत करतानाही पाहिलंय. मुलं अडकतात ती दोनच ठिकाणी. एक, इलेक्ट्रोडच्या, म्हणजे त्वचेवर चिकटवून सिग्नल टिपणाऱ्या चकतीच्या, खाली नक्की कोणता स्नायू आहे हे माहीत नसतं. दुसरं, कोडमध्ये ‘ऑटो’ (म्हणजे ‘टाइप तूच ठरव’) लिहून मोकळे होतात आणि कंपायलरने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामने, कोणता टाइप (आकड्याचा प्रकार आणि माप) धरला ते बघत नाहीत. दोन्हीकडे घोटाळा एकाच जातीचा आहे. इलेक्ट्रोडला आणि कंपायलरला तुमच्या मनातलं कळत नाही. जे समोर आहे तेच ते उचलतात. तेव्हा समोर काय आहे, हे आधी तुम्हाला माहीत पाहिजे.

कोडमधली नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीची स्पेलिंग वापरा.

१. आधी माणूस शोधा, मग सेन्सर

हा प्रोजेक्ट एकट्या इंजिनिअरिंगच्या जिवावर होत नाही. फिजिओथेरपीचा विद्यार्थी किंवा शिक्षक सोबत घ्या. नाशिकमध्ये हे अवघड नाही. आपली इंजिनिअरिंग कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतात, पण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच म्हसरूळला आहे आणि त्याच्याशी संलग्न कॉलेजं शहरात आहेत. तुमच्या गाइडच्या सहीचं पत्र घेऊन जा. ‘सर, मणके मोजायला शिकवाल का?’ एवढंच विचारा. ‘आमच्या प्रोजेक्टवर सही द्याल का?’ असं पहिल्याच भेटीत विचारलं की दार बंद होतं.

लागणारे कागद:

- गाइडचं आणि विभागप्रमुखांचं पत्र.
- माणसांवर मोजणी करायची म्हणून संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी. तुमच्या कॉलेजात अशी समिती नसेल, तर ज्या वैद्यकीय किंवा फिजिओथेरपी कॉलेजची मदत घेताय त्यांच्या समितीकडे अर्ज करता येईल का ते पहिल्याच महिन्यात विचारा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा, समिती त्यावरूनच प्रश्न विचारते.
- संमतीपत्र, मराठीत. काय चिकटवणार, किती वेळ, त्वचा लाल होऊ शकते, कधीही नाही म्हणता येईल, नाव कुठेही येणार नाही, हे सगळं साध्या भाषेत लिहा. इंग्रजी छापील फॉर्मवर शेतमजुराचा अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.
- अठरा वर्षांखालच्या कुणालाही घेऊ नका. पालकांची संमती, मुलाची वेगळी संमती, या सगळ्याला तुमच्या वेळापत्रकात जागा नसते.

पाठ उघडी करावी लागते, त्यामुळे पडदा लावलेली खोली हवी. बायकांची मोजणी टीममधल्या मुलीनेच करायची. टीममध्ये मुलगी नसेल तर फक्त पुरुषांवर मोजणी करा आणि रिपोर्टात तसं स्पष्ट लिहा.

२. सामान

- अर्डुइनो उनो आर-३ किंवा ईएसपी-३२ बोर्ड, म्हणजे सिग्नल वाचून तुमचा कोड चालवणारा छोटा संगणक. दोन्हींतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.
- ईएमजीचं ॲम्प्लिफायर मॉड्यूल. कच्चा सिग्नल देणारं घ्या. काही मॉड्यूल आतल्या आत सिग्नलचा उणे भाग उलटवून अधिक करून, गुळगुळीत करून देतात. ते दिसायला छान, पण त्यावरून पुढचं गणित शिकायला मिळत नाही.
- सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे जेल लावलेले, एकदाच वापरायचे ईसीजी इलेक्ट्रोड. सर्जिकल साहित्याच्या दुकानात पाकिटाने मिळतात. एक्सपायरी बघा. जेल सुकलेलं असेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नका.
- स्पिरिट, कापूस, डिस्पोजेबल रेझर, मोजपट्टी, त्वचेवर खूण करायचं पेन.
- बॅटरीवर चालणारा लॅपटॉप.

शेवटच्या ओळीबद्दल थांबून सांगते. इलेक्ट्रोड माणसाच्या अंगावर असताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीत लावलेला असता कामा नये. एक मिनिटही नाही. चार्जरमध्ये बिघाड झाला तर वीज अंगात जाण्याचा रस्ता तुम्ही स्वतः तयार करून ठेवलेला असतो. शिवाय चार्जर लावला की ५० हर्ट्झचा घरगुती विजेचा गुणगुणाट सिग्नलवर चढतो, तो वेगळाच. पेसमेकर बसवलेल्या माणसावर हा प्रयोग करायचा नाही. जखमेवर, पुरळ आलेल्या त्वचेवरही इलेक्ट्रोड लावायचा नाही.

सापळा: स्वस्त मिळतं म्हणून एडी-८२३२ हे मॉड्यूल घेतलं जातं. ते हृदयासाठी बनवलेलं आहे आणि बाजारात मिळणारा नेहमीचा बोर्ड साधारण ०.५ ते ४० हर्ट्झच्या पलीकडचं कापून टाकतो. पाठीच्या स्नायूच्या सिग्नलमधली जास्तीत जास्त ताकद ५० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे जे मोजायचं तेच गाळलं जातं, उरतात हृदयाचे ठोके. स्क्रीनवर काहीतरी हलताना दिसतं म्हणून मुलं खूश होतात.

३. पाठीचे थर समजून घ्या

पाठीला हात लावला की एकच मांसल पाट लागतो. आत मात्र एकावर एक थर आहेत, आणि प्रत्येक थराचं काम निराळं.

सगळ्यात वरचा थर दिसतो पाठीवर, पण काम करतो हातासाठी. ट्रॅपेझियस हा मोठा स्नायू कवटीच्या मागून सुरू होऊन छातीच्या शेवटच्या, म्हणजे बाराव्या मणक्यापर्यंत मधोमध चिकटलेला असतो आणि बाहेर कॉलरबोन व स्कॅप्युलाला जाऊन मिळतो. स्कॅप्युला म्हणजे खांद्यामागचं त्रिकोणी चपटं हाड. ट्रॅपेझियसचे वरचे तंतू खाली येतात, मधले आडवे जातात, खालचे वर चढतात. म्हणून एकाच स्नायूचे तीन भाग तीन वेगळ्या दिशांना ओढतात: वरचा खांदा उचलतो, मधला मागे खेचतो, खालचा खाली ओढतो. द्राक्ष विरळताना हात डोक्यावर धरावा लागतो, तेव्हा वरचा आणि खालचा भाग, छातीच्या बाजूच्या सेरेटस अँटेरिअरला सोबत घेऊन, स्कॅप्युला फिरवतात.

त्याच थरात खाली लॅटिसिमस डॉर्साय. छातीचे खालचे सहा मणके, कमरेवरचं जाड आवरण, कमरेच्या हाडाची कड, शेवटच्या तीन-चार बरगड्या इथून निघून हा रुंद स्नायू काखेखालून वळतो आणि थेट दंडाच्या हाडाला पुढून चिकटतो. म्हणून तो दंड मागे ओढतो, अंगाजवळ आणतो आणि आतल्या बाजूला फिरवतो. दोरीवर चढणारा, मल्लखांब करणारा, वल्हं ओढणारा माणूस याच्यावर जगतो. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्हवलं. त्याची वल्हं ओढतानाची चित्रफीत हळू करून बघा, लॅटिसिमस पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

ट्रॅपेझियसच्या खाली लपलेले रॉम्बॉइड मेजर, रॉम्बॉइड मायनर आणि लेव्हेटर स्कॅप्युली. तिन्ही स्कॅप्युलाच्या आतल्या कडेला चिकटतात. हे लक्षात ठेवायचं कारण पाचव्या पायरीत येईल.

त्याखाली दोन पातळ स्नायू, सेरेटस पोस्टेरिअर सुपीरिअर आणि इन्फीरिअर. बरगड्यांशी संबंधित. आपल्या प्रोजेक्टसाठी सोडून द्या.

आता खरे पाठीचे स्नायू. इरेक्टर स्पाइनी म्हणजे मणक्यांच्या दोन्ही बाजूंना उभे चालणारे तीन खांब. बाहेरून आत मोजायचं: इलिओकॉस्टॅलिस बरगड्यांकडे जातो, लाँगिसिमस मणक्यांच्या आडव्या फाट्यांकडे, स्पायनॅलिस मणक्यांच्या मागच्या टोकांकडे. दोन्ही बाजू एकत्र ओढल्या की पाठ ताठ होते. एकच बाजू ओढली की अंग त्या बाजूला झुकतं. सगळ्यात खोल, हाडाला लागून, मल्टिफिडस आणि रोटेटोरिस. यांचे तंतू खालच्या मणक्याच्या आडव्या फाट्यापासून वरच्या मणक्याच्या मागच्या टोकाकडे, म्हणजे बाहेरून आत तिरके चढतात.

हा तिरकेपणा कागदावर काढून बघाच. उजवीकडचा मल्टिफिडस वरच्या मणक्याचं मागचं टोक उजवीकडे ओढतो, त्यामुळे मणक्याचा पुढचा भाग डावीकडे वळतो. उजवा स्नायू, वळण डावीकडे. मानेमागचा स्प्लेनियस याच्या उलट, आतून बाहेर तिरका चढतो, म्हणून तो चेहरा स्वतःच्याच बाजूला वळवतो. कोणता स्नायू कुठून कुठे जातो एवढं माहीत असलं की काम पाठ करावं लागत नाही, ते निघतं. विसरलात तरी पुन्हा काढता येतं.

नसांचंही तसंच. खऱ्या पाठीच्या स्नायूंना मज्जातंतूची मागची फांदी जाते. वरच्या थरातले स्नायू मुळात हाताचे, म्हणून त्यांना पुढच्या फांद्यांतून आलेल्या नसा मिळतात. अपवाद ट्रॅपेझियस, त्याची हालचाल अकराव्या कवटीय नसेवर चालते. मणक्यांच्या मधले काही अगदी छोटे स्नायूही या नियमात नीट बसत नाहीत, पण तिथवर आपल्याला जायचं नाही.

४. हाडांवरच्या खुणा बोटाने शोधा

स्नायू हाताला नेमका सापडत नाही, हाड सापडतं. म्हणून आधी हाडं.

मान खाली घालायला सांगा. मानेच्या तळाशी जे टोक सगळ्यात उठून दिसतं ते बहुधा सी-७. (सी म्हणजे मानेचे मणके, टी छातीचे, एल कमरेचे, एस त्याखालचे; आकडा वरून मोजायचा.) कधीकधी त्याच्या खालचं टी-१ जास्त उठून दिसतं. खात्री करायला बोट ठेवून मान हळू मागे न्यायला सांगा: सी-६ बोटाखालून आत सरकतं, सी-७ तिथेच राहतं.

हात खाली सोडून उभं राहिलं की स्कॅप्युलाचं खालचं टोक साधारण टी-७च्या पातळीत येतं. दोन्ही हातांचे पंजे कमरेवर आडवे ठेवून कमरेच्या हाडाची सर्वांत उंच जागा शोधा. ती जोडणारी रेघ एल-४च्या आसपास जाते. तिथून एकेक टोक मोजत वर गेलं की एल-१. कमरेखाली ज्या दोन खळ्या दिसतात, ती एस-२ची पातळी.

जाड अंगाच्या माणसात हे मोजणं एका मणक्याने चुकू शकतं. खालून वर मोजा, मग वरून खाली मोजा, दोन्ही जुळलं तरच खूण करा. इथेच फिजिओवाल्या मित्राचा हात लागतो.

५. इलेक्ट्रोड कुठे लावायचे

युरोपात ठरलेली सेनियाम नावाची शिफारस सर्वत्र वापरली जाते. त्यातल्या आपल्या कामाच्या जागा:

- लाँगिसिमस: एल-१च्या टोकापासून बाजूला दोन बोटं.
- वरचा ट्रॅपेझियस: सी-७ आणि खांद्याचं टोक जोडणाऱ्या रेघेच्या मधोमध.
- मधला ट्रॅपेझियस: टी-३च्या पातळीत, मणका आणि स्कॅप्युलाची आतली कड यांच्या मध्यावर.

दोन इलेक्ट्रोडच्या केंद्रांत २० मिलिमीटर अंतर, आणि दोघांना जोडणारी रेघ तंतूंच्या दिशेने. तिसरा, संदर्भाचा इलेक्ट्रोड हाडावर. केस काढा, स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच चिकटवा.

आता सापळे. स्कॅप्युला आणि मणक्यामध्ये इलेक्ट्रोड लावून ‘रॉम्बॉइड मोजला’ असं लिहिलेले रिपोर्ट पाहिले की वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते. तिथे वर ट्रॅपेझियस पसरलेला आहे. त्वचेवरून आधी तोच ऐकू येतो. मल्टिफिडसचंही तेच. एल-५ला तो जाड असतो, पण शेजारच्या लाँगिसिमसचा सिग्नल त्यात मिसळतो. खोल स्नायू खात्रीने मोजायला सुईसारखी तार आत घालावी लागते, ते डॉक्टरांचं काम. तुम्ही ‘कमरेच्या इरेक्टर स्पाइनीचा एकत्रित सिग्नल’ असं प्रामाणिक नाव द्या.

एप्रिलच्या उन्हात घामाने इलेक्ट्रोड सुटतात, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पहाटे मोजायला गेलात तर माणूस कुडकुडतो. कुडकुडणं म्हणजे स्नायूंचंच काम. ते सगळं सिग्नलमध्ये येतं. डाव्या बाजूला हृदयाचे ठोकेही डोकावतात. म्हणून मोजणी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत, सकाळी ऊन आल्यावर.

६. ‘ऑटो’ काय करतो

सी-प्लस-प्लसमध्ये २०११च्या प्रमाणापासून ‘ऑटो’ लिहिलं की व्हेरिएबलचा टाइप कंपायलर स्वतः काढतो. कशावरून? बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे जे लिहिलंय त्यावरून, आणि फक्त त्यावरूनच. उजवीकडे काही नसेल तर कंपाइलच होत नाही. टाइप कंपाइल करतानाच कायमचा ठरतो. प्रोग्राम चालू असताना बदलत नाही. पायथॉनमधून येणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं करावं. पायथॉनमध्ये त्याच नावाला आधी आकडा आणि नंतर मजकूर देता येतो, इथे नाही.

‘ऑटो’ वाईट नाही. एका ठिकाणी तो वाचवतो:

ऑटो सुरुवात = मिलिस();

मिलिस हे फंक्शन बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये (उणे नसलेला मोठा पूर्णांक) देतं, ऑटो तोच टाइप धरतो. इथे सवयीने ‘इंट’ (साधा पूर्णांक) लिहिणाऱ्याचा उनोवर घात होतो, कारण उनोचा इंट १६ बिटांचा आणि ३२,७६७च्या पुढे जात नाही. म्हणजे जेमतेम ३३ सेकंदांत वेळ उलटी फिरते, आणि वाकण्याची चाचणी त्याहून मोठी असते.

७. ‘ऑटो’ फसवतो त्या जागा

ही पायरी सावकाश वाचा. सगळे दोष असे आहेत की कंपायलर तक्रार करत नाही आणि आलेख मात्र खोटा निघतो.

पहिली जागा, बेरीज.

ऑटो बेरीज = ०;

उजवीकडे शून्य, शून्य हा इंट, म्हणून बेरीज इंट. तुमच्या डोक्यात मोठी बेरीज आहे हे शून्याला माहीत नाही. उनोवर थोड्याच नमुन्यांत (एकेक वाचन म्हणजे एक नमुना) ती ओसंडते, म्हणजे इंटमध्ये मावत नाही आणि आकडा चुकतो. शून्यापुढे एल लावा, म्हणजे ‘०एल’, किंवा सरळ ‘लाँग’ (मोठा पूर्णांक) लिहा.

दुसरी, वर्ग. सिग्नलची ताकद काढायला आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, वापरतात, त्यासाठी प्रत्येक नमुन्याचा वर्ग करावा लागतो. इंट गुणिले इंट म्हणजे इंटच. १८१चा वर्ग ३२,७६१, तो बसतो. १८२चा वर्ग ३३,१२४, तो बसत नाही. उनोचं वाचन ० ते १०२३ असतं आणि मध्य, म्हणजे स्नायू शांत असतानाचं वाचन, ५१२ धरला तर फरक ५१२ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे स्नायू हलका ताणला की उत्तर बरोबर, जोरात ताणला की कचरा. चाचणी नेहमी हलक्या ताणावर घेतली जाते, म्हणून हा दोष थेट सादरीकरणाच्या दिवशी उगवतो. गुणाकाराच्या आधी एका बाजूला लाँगमध्ये बदला. गुणाकार झाल्यावर बदलून उपयोग नाही, तोवर आकडा ओसंडलेला असतो.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती, वजाबाकी. समजा मध्य ‘यूइंट१६’ (१६ बिटांचा, उणे नसलेला पूर्णांक) या टाइपमध्ये ठेवलाय, किंमत ५१२. वाचन आलं ५००.

ऑटो फरक = वाचन - मध्य;

उत्तर उणे १२ यायला हवं. ईएसपी-३२वर तसंच येतं. उनोवर येतं ६५,५२४. कोड एकच, अक्षरही बदललेलं नाही. कारण असं: ईएसपी-३२चा इंट ३२ बिटांचा आहे, त्यात १६ बिटांचा यूइंट सहज मावतो, म्हणून कंपायलर आधी त्याला इंटमध्ये बदलतो आणि उणे संख्या मिळते. उनोवर यूइंट१६ म्हणजेच अनसाइन्ड इंट. इंट आणि अनसाइन्ड इंट एकत्र आले की दोघंही अनसाइन्ड होतात. अनसाइन्डमध्ये शून्याखाली काही नाही, म्हणून आकडा फिरून वरच्या टोकाला जातो. ‘ऑटो’ने प्रामाणिकपणे अनसाइन्ड धरला. इथे ‘इंट फरक’ असं लिहिलं असतं तर तोच आकडा पुन्हा उणे १२ झाला असता. माझं स्पष्ट मत आहे: सिग्नलच्या गणितात, जिथे दोन वेगळे टाइप एकत्र येतात तिथे, ऑटो वापरू नका. टाइप हाताने लिहा.

चौथी, भागाकार. बेरीज भागिले २५० मध्ये दोन्ही पूर्णांक असतील तर दशांश गळून पडतो आणि ऑटो त्या गळलेल्या उत्तराचाच टाइप धरतो. व्होल्टेज काढताना वाचन गुणिले ५ भागिले १०२३ असं लिहिलं तर ० ते ५ एवढे सहाच आकडे मिळतात. ५ ऐवजी ५.० लिहा.

पाचवी, लूप. नमुन्यांच्या ॲरेवर (रांगेवर) ‘फॉर (ऑटो न : नमुने)’ असं लिहून आत मध्य वजा केला, तर वजाबाकी प्रतीवर होते. मूळ ॲरे जसाच्या तसा. ‘प्रत नको, मूळच दे’ असं सांगणारी संदर्भाची खूण ऑटो स्वतः लावत नाही, ती तुम्ही लावायची: ‘ऑटो’पुढे अँपरसँड.

टाइप तपासायचा कसा? अर्डुइनो आयडीई २मध्ये व्हेरिएबलवर माउस नेऊन बघा. नाहीतर साइझऑफ, म्हणजे व्हेरिएबल किती बाइटचं आहे ते, छापा: उनोवर २ आलं तर इंटच्या मापाचा, ४ आलं तर लाँग किंवा फ्लोटच्या मापाचा. साइन्ड की अनसाइन्ड हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मुद्दाम मध्यापेक्षा लहान वाचन देऊन उत्तर उणे येतंय का बघायचं.

दोन गोष्टी ऑटोशी संबंधित नाहीत, पण इथेच सांगते. सेकंदाला किमान १००० नमुने घ्या. उनोच्या ॲनालॉग-रीडला एका वाचनाला १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे वेळ पुरतो. बोर्डाकडून लॅपटॉपला माहिती पाठवायचा, म्हणजे सीरिअलचा, वेग मात्र ९६०० ठेवू नका, त्यात सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात, ११५२०० ठेवा. आणि उनोची रॅम २०४८ बाइट आहे, १००० इंटचा ॲरे २००० बाइट खातो. २५० नमुन्यांचे तुकडे करा.

८. पहिली चाचणी: वाका आणि थांबा

लाँगिसिमसवर इलेक्ट्रोड लावा. माणसाला सरळ उभं करा: सिग्नल थोडासा. आता गुडघे न वाकवता हळूहळू पुढे वाकायला सांगा. सिग्नल वाढत जाईल, कारण वरचं अंग खाली पडू नये म्हणून इरेक्टर स्पाइनी धरून ठेवतो. आणि मग पूर्ण वाकल्यावर, हात लोंबते सोडल्यावर, सिग्नल एकदम बसतो. जवळजवळ शांत.

इथे प्रत्येक नवीन टीम वायर तपासायला धावते. वायर ठीक आहे. पूर्ण वाकल्यावर वजन मणक्यांमागचे अस्थिबंध, आवरण आणि ताणलेल्या ऊती पेलतात. इरेक्टर स्पाइनी सुटतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी १९५०च्या दशकातच हे नोंदवलंय. माणूस वर यायला लागला की सिग्नल जोरात परततो. दीर्घकाळ कंबरदुखी असणाऱ्या बऱ्याच लोकांत मात्र ही शांतता येत नाही, स्नायू सुटतच नाही. म्हणून कांदा लावणाऱ्या बाईच्या पाठीचा सिग्नल कमी दिसला म्हणजे ताण कमी, असा निष्कर्ष काढू नका. ताण दुसरीकडे गेलाय, तुमचा सेन्सर तिथे नाही.

दुसरी चाचणी: उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली. कोणत्या बाजूचा इरेक्टर स्पाइनी काम करेल? डाव्या. बादली अंगाला उजवीकडे झुकवते, डावी बाजू ते रोखते. तुमच्या आलेखात उजवी बाजू वर गेली तर आधी बघा की चॅनेलच्या वायर उलट लागल्यात का.

दोन्ही चाचण्या बरोबर आल्याशिवाय शेतावर किंवा कारखान्यात जाऊ नका.

९. दोन माणसांची तुलना करायच्या आधी

एकाचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये जास्त म्हणून त्याचा स्नायू जास्त ताकदवान असं होत नाही. त्वचेखालची चरबी, इलेक्ट्रोडची जागा, त्वचेचा कोरडेपणा, सगळ्याने आकडा बदलतो. म्हणून प्रत्येकाचं स्वतःचं एक माप आधी घ्या: पालथं झोपवून, पाय धरून, छाती उचलून पूर्ण जोराने धरायला सांगा. त्या वेळचा सर्वांत मोठा आरएमएस म्हणजे त्या माणसाचे १०० टक्के. बाकी सगळं त्याच्या टक्केवारीत. कंबर दुखत असलेल्या माणसाकडून हा पूर्ण जोर लावून घेऊ नका. फिजिओथेरपिस्ट समोर असतील तर ते सोपी पर्यायी स्थिती सांगतात.

१०. रिपोर्टात काय लिहायचं

स्नायूचं नाव, कोणत्या मणक्यापासून किती बोटं, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, संदर्भ इलेक्ट्रोडची जागा. बोर्डाचं नाव आणि त्यावर इंट किती बिटांचा. सेकंदाला किती नमुने. गणितातल्या प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप, ऑटो वापरला असेल तिथे कंपायलरने काढलेला टाइपही. मोजणीच्या दिवसाचं तापमान. ज्यांनी पाठ दिली त्यांना त्यांचा आलेख छापून द्या आणि मराठीत समजावून सांगा, ते मागोत न मागोत. इलेक्ट्रोड काढताना झटका देऊ नका, कडेने त्वचा दाबत सावकाश सोलायचा, मग ओल्या कापसाने जेल पुसायचं.